परब सर आणि बारके शब्द

लग्नाची पत्रिका हातात आली की लोक आधी मुहूर्त बघतात, मग जेवण कुठे आहे ते बघतात. आमचे परब सर 'व' मोजतात. मोजून झाले की भर स्टाफरूममध्ये जाहीर करतात, "ही वधूपित्याने लिहिलेली नव्हे. सगळीकडे 'आणि'च्या जागी 'व'. कोणीतरी सरकारी खात्यातून निवृत्त झालेला काका असणार." चौकशी केली की काका निघतो, आणि लग्नघरात उगाच रुसवेफुगवे सुरू होतात.

गोव्यात डिचोलीच्या आमच्या उच्च माध्यमिक विद्यालयात ते कॉम्प्युटर शिकवतात, मी मराठी. मी जवळच्या सर्वण गावचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे शिकलेल्या माणसाचा मला अजून धाक वाटतो. परब सरांनी मला कॉम्प्युटर सुरू कसा करायचा इथपासून शिकवलं, आणि तेही न हसता. हे उपकार मी विसरणार नाही.

त्यांनी स्वतः एक प्रोग्रॅम बनवला आहे. माणसाचं थोडं जुनं लिखाण त्याला द्यायचं. मग कुठलाही निनावी मजकूर पुढे केला की तो लेखकाचं नाव सांगतो. "मोठे शब्द बघू नको, गावस," सर मला सांगतात. "'संस्कृती', 'अस्मिता' कोणीही कुठूनही उचलतो. बारके बघ, बारके! पण, तर, मग, सुद्धा. ते माणसाच्या नकळत पडतात. तिथे तो सापडतो."

या बारक्यांपायी सरांनी बरेच शत्रू केले. प्राचार्यांचा वार्षिक अहवाल हेडक्लार्क लिहितात, हे त्यांनी प्राचार्यांनाच अभिनंदन करून सांगितलं. निबंध स्पर्धेची तिन्ही बक्षिसं एकाच आईला मिळाली आहेत, हेही त्यांनीच शोधलं. तेव्हापासून त्यांना निरोप समारंभांना बोलावत नाहीत.

आमच्या गावच्या जत्रेत दर वर्षी नाटक होतं. यंदा नवीन नाटक लिहून आणलं ते सुलभाने. ती दोडामार्गाकडची, लग्न होऊन सर्वणात आलेली, अंगणवाडीत काम करते. वाचनातच नाटक सगळ्यांना आवडलं आणि तिथेच घोटाळा झाला. कमिटीचे अध्यक्ष बाबुलशेट म्हणाले, "हे तिच्या घोवाने लिहिलेलं असतलं. खिचडी वाटणारीला तीन अंक जमता?" हँडबिलावर लेखक म्हणून नवऱ्याचं, निलेशचं, नाव घालायचं ठरत आलं. निलेश खाणीवर ट्रक चालवतो. तो बिचारा सांगत होता की मी नाही लिहिलं. त्याच्या या नम्रतेचं कमिटीला फार कौतुक वाटलं.

बाबुलशेटांनी स्वतःच्या नावावर केलेल्या नाटकांबद्दल कधी कोणी पुरावा मागितला नव्हता. सुलभाकडून मात्र पुरावा हवा होता. म्हणून मी परब सरांना घेऊन आलो.

नमुने गोळा करताना नाकी नऊ आले. सुलभाचे अंगणवाडीचे अहवाल सगळे 'उपरोक्त विषयान्वये'. सर म्हणाले, "हे सुलभाचं नव्हे, हे खात्याचं." शेवटी ती मुलांच्या आयांना मोबाईलवर पाठवते ते निरोप घेतले. निलेशचं समग्र वाङ्मय म्हणजे गुलाबाची फुलं आणि 'ओके'. हस्तलिखित सरांनी स्वतः टाइप केलं. यंत्र बरोबर चालतं की नाही हे तपासायला ते स्वतःचे लेखही नेहमी त्यात ठेवतात.

देवळाच्या सभागृहात कमिटी जमली. सरांनी बटण दाबलं. भिंतीवर उत्तर उमटलं: लेखक, सगुण परब.

"सर, नाटक तुमचंच मरे!" बाबुलशेट ओरडले. "इतके दिवस लाजत होता कित्याक?"

हसण्याचा कल्लोळ झाला. दाराशी उभी असलेली सुलभा एवढंच म्हणाली, "म्हणजे माझं नाव नाय?"

सर हसले नाहीत. त्यांनी हस्तलिखित उघडलं, टाइप केलेलं पान शेजारी धरलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "गावस, मी तिला पुसून टाकलं," ते म्हणाले. सुलभाने लिहिलं होतं 'मागीर', सरांनी टाइप केलं होतं 'नंतर'. तिचा माणूस घरी 'पावला', सरांचा 'पोहोचला'. पानोपान तसंच. आपण दुरुस्ती करतो आहोत हे त्यांना कळलंही नव्हतं. "आमच्या पेडण्याला शाळेत 'मागीर' म्हटलं की मास्तर छडी मारायचे. घरी आई त्याशिवाय बोलायची नाही. मास्तर जिंकले."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हँडबिल छापखान्यात जायचं होतं. कमिटीने तेवढीच मुदत दिली. सुलभाच्या पडवीत मेज मांडलं. ती वाचत गेली, सर टाइप करत गेले, आणि त्यांची बोटं कुठे मास्तर होतात का यावर मी नजर ठेवली. काम संपलं तेव्हा बाबुलशेट आले. त्यांच्या देखत सरांनी पुन्हा बटण दाबलं.

लेखक: सुलभा.

बाबुलशेटांनी खिशातून पेन काढलं, हँडबिलाच्या कागदावरचं निलेशचं नाव खोडलं आणि तिचं लिहिलं. "अक्षरं मोठी घालूया," ते म्हणाले, जणू ही कल्पना पहिल्यापासून त्यांचीच होती. निलेशला विचारलं, तर तो म्हणाला, "ओके." सुलभा पदराने डोळे पुसत आत चहा करायला वळली.

सरांनी तिला थांबवलं. पेडण्याच्या घराला ते रोज सकाळी कुलूप लावून येतात, रोज संध्याकाळी तेच काढतात. आई गेल्यापासून आत दुसरं कोणी नसतं.

"दुसऱ्या अंकात मुलगा परदेशी जायला निघतो, तिथे आई बोलते ते वाक्य," सर म्हणाले. "ते परत वाचशील?"

"चुकलं काय सर? तां तर टाइप झालां."

"झालं ना. बरोबर झालंय," सर म्हणाले. "तरी वाच."

तिने पान न उघडताच म्हटलं, "मागीर जा रे झिला, आदी दोन घास खा."

सरांनी मान डोलावली. टाइप करणारे त्यांचे हात आता मांडीवर होते.