दुसऱ्या खोकल्याचा दाखला

"ज्याच्याकडे एकाच रेकॉर्डच्या तीन प्रती असतात, त्याच्याशी लग्न करू नकोस गं पोरी. माझाच मुलगा आहे म्हणून सांगते," असं होणाऱ्या सासूबाईंनी टॅम्सिनला बजावलं होतं. टॅम्सिन हसली होती. रेकॉर्डच ना, दारू तर नाही! शिकलेली मुलगी, चूकसुद्धा विचारपूर्वक केली.

आता प्रती सदतीस होत्या. रेकॉर्ड एकच, त्यांच्याच शेफील्ड शहरातल्या एका सभागृहात झालेल्या जुन्या रॉक मैफलीचं थेट ध्वनिमुद्रण. तिसरं गाणं संपतं आणि चौथं सुरू होतं, त्या फटीत प्रेक्षकांतलं कुणीतरी खोकतं. पुढच्या छपाईत कंपनीने हा खोकला पुसून टाकला. म्हणून तो ऐकू येईल ती प्रत अस्सल. तिच्या नवऱ्याचं, क्लाइव्हचं, सारं प्रेम त्या खोकल्यावर. गाणी त्याला साधारणच वाटत.

दमट हवेने कव्हरं फुगतात, म्हणून किटली परसात गेली. उष्णतेने तबकड्या वाकतात, म्हणून भर जानेवारीत हीटर बंद झाला. अकरा महिन्यांची लेक मेबल खोकू लागली, तेव्हा नर्स म्हणाली, "घर उबदार ठेवा." क्लाइव्हने विचारलं, "किती अंश? लेखी द्याल का?"

शनिवारी सकाळी अस्सलपणाचा दाखला देणारं प्रथमावृत्ती पडताळणी मंडळ आलं. तिघे सभासद, बूट दाराबाहेर, बिस्किटांना नकार, चुरा पडतो. सदतिसाव्या प्रतीवर सुई टेकली. टॅम्सिन शेजारच्या खोलीत मेबलला छातीशी धरून बसली होती.

तिसरं गाणं संपलं. खोकला आला. पाठोपाठ दुसरा आला, खोल, घोगरा, शेवटी शिट्टीसारखा ओढलेला श्वास.

"दुसरा!" अध्यक्ष ऑलरेन्शॉ पुढे झुकले. "याची कुठेच नोंद नाही."

"डावीकडून आला," एक सभासद म्हणाला. डावीकडे मेबलची खोली होती.

टॅम्सिन दार ढकलून आत आली. "अहो, ती माझी मुलगी आहे! तिला श्वास घेता येत नाहीये. क्लाइव्ह, गाडीची किल्ली दे!"

"अगं हळू, सुई उडेल!"

"बाई, श्रवण चालू असताना तोंडी हरकत घेता येत नाही," ऑलरेन्शॉ म्हणाले. "त्याचा अर्ज वेगळा आहे."

तिने क्लाइव्हच्या कोटातून किल्ली ओढली आणि मेबलला घेऊन निघाली.

दुपारी इस्पितळात त्याचा फोन आला.

"कशी आहे गं?"

"बरी आहे. वेळेवर आणली म्हणाले. श्वास मोकळा झालाय."

"आणि खोकला?"

"थांबला."

पलीकडून सुई टेकवल्याची खरखर आली.

"पूर्ण थांबला? म्हणजे... मंडळ अजून इथंच आहे. पुन्हा लावली तर दुसरा येईना. दाखला अडलाय. तुम्ही पाचपर्यंत घरी आलात तर..."

टॅम्सिनने फोन ठेवला. समोरच्या फॉर्मवर प्रश्न होता: घरी काळजी घेणारं दुसरं कुणी? तिने एक आडवी रेघ मारली.

तुम्हालाही दाखल्याचं काय झालं ते हवं असेल. मंडळ कळवील. तुमच्या पलीकडच्या खोलीतून बराच वेळ काही आवाज आलेला नाही. तोवर जरा उठून बघून या.