भाऊसाहेबांच्या शिट्टीचा दरारा

कॉलेजच्या फुटबॉल संघाबरोबर मॅनेजर म्हणून जायला खरं तर कोणीच तयार नव्हतं. मागच्या वर्षी गेलेल्या प्राध्यापकांनी परत आल्या आल्या आठ दिवसांची रजा टाकली होती. पण ऑफिसातल्या कारकून भाऊसाहेबांनी आपणहून हात वर केला. का, तर आदल्याच दिवशी बायको म्हणाली होती, "तुमचं या घरात मांजरसुद्धा ऐकत नाही." (मांजर शेजाऱ्यांचं होतं, पण मुद्दा तिचाच खरा होता.) आपलंही कोणी ऐकतं हे तिला एकदा दाखवायचंच, या ईर्ष्येने त्यांनी निघताना एक शिट्टी विकत घेतली.

दूरच्या गावी यजमान कॉलेजच्या वसतिगृहात पोरं उतरली आणि शिट्टी सुरू झाली. उठायची एक, जेवणाची दोन, झोपायची तीन. पोरांनी गाद्या गच्चीवर नेल्या, बादल्यांचे ढोल केले, जिन्याच्या कठड्याची घसरगुंडी केली. भाऊसाहेब फुंकून फुंकून लालबुंद झाले, पण ढिम्म कोणी हललं नाही. शेवटी वसतिगृहाचे रेक्टर हात जोडून म्हणाले, "अहो, तुम्ही तेवढे थांबा. पोरांचा गोंगाट सोसतो मी."

तिसऱ्या दिवशी सामना. शेवटची पाच मिनिटं, दोन्हीकडे शून्य. यजमानांचा एक उंच पोरगा चेंडू घेऊन थेट भाऊसाहेबांच्या संघाच्या गोलासमोर आला आणि नेमक्या त्याच वेळी बाकावरच्या राखीव पोरांनी बादल्या बडवायला घेतल्या. भाऊसाहेबांचं डोकं फिरलं. त्यांनी होता नव्हता तेवढा श्वास शिट्टीत ओतला.

पंचांनीच वाजवली असं वाटून यजमानांचे अकराच्या अकरा जण जागच्या जागी थांबले. एकाने तर खाली बसून बुटाची नाडी बांधायला घेतली. आपली पोरं मात्र दोन दिवसांच्या सवयीने थांबली नाहीत. चेंडू हिसकावला, पलीकडे नेला आणि गोल करून मोकळी झाली.

मग जी बोंबाबोंब झाली!

"ही ठरवून केलेली लबाडी आहे!" यजमानांचे कोच पंचांच्या अंगावर धावले. "संघच बाद करा!"

पंचांनी गोल रद्द केला आणि कप्तानाला धरलं. "शिट्टी ऐकूनही थांबला कसे नाहीत? आधीच ठरलं होतं ना?"

"नाही हो सर," कप्तान काकुळतीला आला. "ती आमच्या मॅनेजर काकांची शिट्टी होती. काकांचं कोण ऐकतं?"

रेक्टर मध्ये पडले. "खरं बोलतोय पोरगा. दोन दिवस बघतोय मी."

"मग मॅनेजरनी तसं लेखी द्यावं," पंच म्हणाले. "तरच संघ वाचेल."

सगळी पोरं भाऊसाहेबांच्या तोंडाकडे बघू लागली. वर्षभर चिखलात लोळून इथवर आलेली पोरं! भाऊसाहेबांना भरून आलं. बाकावर बसून त्यांनी आपल्या सुबक अक्षरात लिहिलं : 'मी खाली सही करणार लिहून देतो की, संघातील कोणीही माझे ऐकत नाही.' सही ठोकली. (सवयीने वर जावक क्रमांकासाठी जागाही सोडली.) संघ वाचला, सामना बरोबरीत सुटला.

घरी आल्यावर बॅग उतरवून घेत बायकोने विचारलं, "मग? ऐकलं का पोरांनी?"

"आपल्या पोरांचं सोड," भाऊसाहेब खुर्चीत ताठ बसत म्हणाले. "पण समोरचे अकरा धटिंगण माझ्या एका शिट्टीवर जागच्या जागी उभे राहिले. एक जण हलला नाही!"

"अगं बाई! मग परत कशाला आलात? तिकडेच नोकरी मागायची की!"