साडूच्या गल्लीपेक्षा चांगली गल्ली

घर शोधण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस या शहरात सापडणार नाही! उगाच फुशारकी मारत नाही. मी लिफ्ट दुरुस्त करतो. लोक इमारती बाहेरून बघतात, मी त्यांच्या घशात उतरून बघतो. कुठल्या इमारतीतली माणसं एकमेकांसाठी दार धरून ठेवतात आणि कुठली माणसं कोणी येताना दिसलं की घाईघाईने बटण दाबतात, ते मला आत शिरल्याशिरल्या कळतं. दार बंद करायचं बटण झिजून गुळगुळीत झालेलं दिसलं, की समजायचं, इथे राहण्यात राम नाही.

आमच्या स्वतःच्या इमारतीतलं ते बटण मी कितीदा बदललंय, विचारू नका!

आम्ही राहतो चौदाव्या मजल्यावर. शेजाऱ्यांच्या शिंका ओळखीच्या आहेत, चेहरे नाहीत. आमची लेक पहिलीत आहे. ती एकटीच लपाछपी खेळते. स्वतःच लपते, स्वतःच राज्य घेते आणि स्वतःलाच "सापडलीस!" म्हणते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्यांदा नाही आलं.

तेव्हा घर बदलायचं हे नक्की होतं. प्रश्न होता माझ्या साडूचा.

माझा साडू दातांचा डॉक्टर. देखणा, गोरापान, आणि दात असे की हसला की खोलीतला दिवा मालवला तरी चालेल. हा गृहस्थ राहतो एका छोट्या गल्लीत, आणि ती गल्ली म्हणे अगदी गावासारखी! बायको माहेरच्या माणसांचं कौतुक कधी जपून करत नाही.

"अहो, भाऊजींचा नुसता पाय मुरगळला तर आठवडाभर गल्लीने ताईला चूल पेटवू दिली नाही!"

"बरं."

"घराला कुलूपसुद्धा लावत नाहीत हो!"

"बरं!"

"आपणही त्याच गल्लीत बघूया का?"

"साडूच्या गल्लीत? त्यापेक्षा मी लिफ्टच्या खड्ड्यात संसार थाटीन!"

त्यातून लेक. मावशीकडून आली की आमच्याकडे अशी बघायची, जणू काही आम्हीच तिला फसवून जन्माला घातलंय. "बाबा, काकांना तिथे सगळे ओळखतात. तुम्हाला कोण ओळखतं?"

आता सांगा, माणसाने काय करावं? मी मनाशी ठरवलं. साडूच्या गल्लीपेक्षा प्रेमळ, साडूच्या गल्लीपेक्षा गावासारखी गल्ली शोधेन, तरच नावाचा लिफ्टवाला!

आणि सापडली! शहराच्या जुन्या भागात, एका डेरेदार झाडाभोवती वळणारी गल्ली. एका बाजूला न्हाव्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला बेकरी, मध्ये शिंप्याचं मशीन थेट रस्त्यावर. पोरं एवढी, की पाय कुठे ठेवावा कळेना. झाडासमोरच दुमजली घर रिकामं होतं. खाली एक मोठी खोली, वर राहायची जागा, मध्ये शिडीसारखा उभा जिना. घरमालकीण म्हणजे मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या मेट्रनबाई. आवाज असा, की रोगी घाबरूनच बरे होत असावेत.

"दुपारी चारला या. घर दाखवते," त्या फोनवर म्हणाल्या.

मी तीनलाच पोहोचलो, एकटा. कारण मला परीक्षा घ्यायची होती. गल्लीची! साडूचा पाय मुरगळल्यावर त्याची गल्ली धावली ना? मग माझा पाय मुरगळल्यावर ही किती धावते ते मला मोजून बघायचं होतं. दोन माणसं जास्त धावली असती, तरी माझा जीव थंडावला असता.

झाडाखाली गेलो, इकडेतिकडे बघितलं आणि "अगं आई गं!" म्हणून बसकण मारली.

काय सांगू तुम्हाला! न्हावी अर्ध्या दाढीवरचं गिऱ्हाईक सोडून धावला. त्याच्या मागे ते अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक धावलं. शिंपी कात्री घेऊन, बेकरीवाली पिठाच्या हातांनी, आणि पोरं तर आभाळातून पडावीत तशी पडली. मी विव्हळत होतो आणि मनात माणसं मोजत होतो. साडू हरला! सपशेल हरला!

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि मेट्रनबाई आल्या.

"कुठला पाय?"

हा विचारच मी केला नव्हता! "उजवा," मी ठोकून दिलं.

"सूज आहे. बूट निघणार नाही. कात्री!"

"नाही, नाही! निघेल! नवीन आहे हो!"

"वेदनेने बडबडतोय," मेट्रनबाई म्हणाल्या आणि शिंप्याने माझा कोरा बूट भोपळा चिरावा तसा उभा चिरला. पुढच्या दहा मिनिटांत माझा पाय बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टीत गेला. मला न्हाव्याच्या खुर्चीत बसवून झाडाखाली ठेवण्यात आलं. बेकरीवालीने गरम दूध पाजलं. एक आजोबा वारा घालत होते. सगळं एवढ्या मायेने चाललं होतं, की आता "मी गंमत करत होतो" म्हणायची सोयच उरली नाही.

"घरच्यांना कळवलंय हं," न्हावी माझा फोन खिशात परत ठेवत म्हणाला. "सांगितलं, पडलेत, पण जीव आहे."

जीव आहे! माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. तो बघून मेट्रनबाईंनी आणखी एक उशी मागवली.

थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी एक गाडी थांबली. बायको रडत उतरली, लेक रडत उतरली, आणि गाडी चालवत कोण आलं होतं? साडू!

"अरे, डॉक्टरसाहेब!" न्हावी ओरडला.

"डॉक्टरसाहेब आले!" बेकरीवाली ओरडली.

अर्धी गल्ली त्याची पेशंट निघाली! मला घातलेला वारा थांबला. आजोबा पंखा टाकून नवी कवळी दाखवायला पळाले. शिंप्याने आ वासला आणि मागची दाढ दाखवली. ज्या गर्दीसाठी मी कोरा बूट कुर्बान केला होता, ती गर्दी आपापली तोंडं उघडून साडूभोवती उभी होती! आणि मी खुर्चीत, एका पायात बूट, दुसऱ्याला पट्टी, हातात थंड झालेलं दूध.

साडू माझ्यापाशी वाकला. पाय दाबून बघितला. मी जोरात विव्हळलो. त्याने माझ्याकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं आणि कानाशी येऊन हळूच म्हणाला, "साडूभाऊ, पट्टी उजव्या पायाला आहे. तुम्ही डावा धरून ओरडताय."

मग तो उठला आणि सगळ्यांना मोठ्याने म्हणाला, "काळजी करू नका. विश्रांती घेतली की बरं वाटेल."

मला सांभाळून घेतलं हो त्याने! यापेक्षा त्याने सगळ्यांसमोर माझं पितळ उघडं पाडलं असतं, तर मी त्याला माफ केलं असतं.

"बिचारे घर बघायला आले होते," मेट्रनबाई म्हणाल्या. "पण आमचा जिना हा असा उभा. या पायाला काही झेपायचा नाही." मग त्या साडूकडे वळल्या आणि आवाजात एकदम मध उतरला. "डॉक्टर, तुम्हीच का येत नाही इथे? खालच्या खोलीत दवाखाना, वर घर! आम्हाला दातासाठी गावभर हिंडायला नको."

"हो, हो! या ना डॉक्टर!" सगळी गल्ली एका सुरात.

"घराखालीच दवाखाना मिळाला तर बरंच होईल म्हणा," साडू खालची खोली न्याहाळत म्हणाला.

आता मात्र माझ्या मस्तकात तिडीक गेली. अब्रू गेली खड्ड्यात! मी खुर्चीतून ताडकन उठलो आणि पट्टीचा पाय जमिनीवर धाडधाड आपटला.

"हा बघा! ठणठणीत आहे! काही झालेलं नाही मला! मी नाटक करत होतो! घर मला हवंय!"

मेट्रनबाई गंभीरपणे म्हणाल्या, "डोक्यालाही मार बसलाय. धरा त्यांना! आडवं करा!"

न्हाव्याने खांदे धरले, शिंप्याने पाय. जितकं खरं बोललो, तितका घट्ट आवळला गेलो! शेवटी मला आडवा उचलूनच साडूच्या गाडीत घातलं. पोरांनी हात हलवून निरोप दिला. साडूला.

घरी पोहोचल्यावर बायकोने आधी दार लावलं. मग म्हणाली, "नाटक करत होतात ना?"

"तेच तर सांगत होतो सगळ्यांना!"

"पोरगी रस्ताभर माझा हात धरून रडली. बाबा मरणार नाहीत ना, विचारत होती."

त्या दिवशी लेकीशी लपाछपी खेळलो. पट्टीसकट पलंगाखाली शिरलो आणि अडकलो, पण ते जाऊ दे.

पुढच्या महिन्यात साडू त्या घरात राहायला गेला. त्याचं घर रिकामं झालं. बायकोने मला काही विचारलं नाही, सरळ सामान बांधायला घेतलं. अशा रीतीने, शहरातल्या इमारतींची खडान्‌खडा माहिती असलेला मी, साडूने सोडलेल्या घरात राहायला आलो!

खोटं कशाला बोलू? गल्ली चांगली आहे. लेक शाळेतून आली की दप्तर भिरकावते आणि जी बाहेर पळते, तिला अंधार पडल्यावर कोणीतरी हाताला धरून आणून सोडतं. बायकोला कामावरून यायला उशीर झाला की शेजारीण आपणहून चहा टाकते. मलाही लोक ओळखतात. "डॉक्टरांचे साडू" म्हणून ओळखतात, पण ओळखतात!

परवा साडू भेटायला आला. ओट्यावर बसला आणि मोठा सुस्कारा सोडला.

"काय हो, डॉक्टर?"

"काय सांगू! तिकडे श्वास घ्यायची फुरसत नाही. दाढी करायला गेलो तर न्हावीच आ वासतो. पाव आणायला गेलो तर बेकरीवाली आ वासते. पहाटे दार उघडलं, तर कवळीवाले आजोबा!" त्याने गल्लीकडे बघितलं. माझी लेक पाचपंचवीस पोरांत राज्य घेऊन मोठ्याने आकडे म्हणत होती. "खरं सांगू, साडूभाऊ? मला तुमचा हेवा वाटतो."

इतकी वर्षं हेच वाक्य त्याच्या तोंडून ऐकण्यासाठी मी जीव टाकत होतो! मी छाती फुगवली. मग त्याच्याकडे बघितलं. तो हसत होता. पोटात काहीही न ठेवता, अगदी मोकळा, लख्ख हसत होता. असं समोर बसून कुणाला "मला तुमचा हेवा वाटतो" म्हणणं मला कधी जमलं नसतं, आणि त्याला किती सहज जमलं!

आता मला त्याचाही हेवा वाटतोय.