घोडेगावचा समुद्र

डॉ. साळवे रोज सकाळी सहा वाजता समुद्रात लॅक्टोमीटर सोडत.

लॅक्टोमीटर म्हणजे दुधात पाणी किती घातलंय हे सांगणारी काचेची नळी. डेअरीवर दूध घालणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असते आणि आवडत कुणालाच नाही. आणि समुद्र म्हणजे डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीतली चार फूट लांबीची काचेची पेटी. तिच्यात खारं पाणी, आणि त्या पाण्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन जोकर मासे, एक पिवळा, एक बोटाएवढा निळा. नळी पंचविसाच्या रेघेवर तरंगली की डॉक्टरांचा दिवस चांगला जाई.

"सर, समुद्र म्हणजे दुसरं काय हो?" ते मला म्हणत. "किंचित पाणी घातलेलं दूध."

मी हायस्कुलात भूगोल शिकवत असे. समुद्राची ही व्याख्या पुस्तकात नव्हती, पण नववीच्या एका मुलानं ती पेपरात लिहिली आणि मी त्याला अर्धा मार्क दिला.

डॉक्टर गुरांचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बदली होऊन ते घोडेगावला आले आणि आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहू लागले. घोडेगावचा गुरांचा बाजार मोठा. बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या आवारात म्हशी, बैल, शेरडं आणि त्यांचे मालक यांची इतकी गर्दी होई की डॉक्टर कुठे आहेत ते फक्त त्यांच्या टोपीवरून कळे. दुसऱ्यांच्या जनावरांना ते 'जनावर' म्हणत. घरच्या माशांना 'पेशंट' म्हणत. "निघतो सर, पेशंटच्या जेवणाची वेळ झाली," असं म्हणून ते उठले की नवखा माणूस चक्रावून जाई.

पन्नाशीला आलेला, एकटा माणूस. बायको वारली होती, एवढं गावाला माहीत होतं. त्यापुढं कुणी विचारलं नाही, मीही नाही.

पाणी मुंबईहून येई. घोडेगावचा कांदा घेऊन गेलेले ट्रक परतताना रिकामे असत. पशुवैद्यक कॉलेजातला डॉक्टरांचा वर्गमित्र परेरा तिकडे प्लॅस्टिकच्या कॅनमधून समुद्राचं पाणी भरून ड्रायव्हरच्या हवाली करी. एका नव्या ड्रायव्हरला वाटलं तीर्थ आहे. त्यानं वाटेत थोडं तोंडात घातलं आणि घोडेगावपर्यंत थुंकत आला.

या परेराच्या मेव्हण्याकडून परदेशातली मासिकं येत. ती वाचून परेरा डॉक्टरांना पत्र लिही. आणि पत्र आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आमच्या दारात उभे.

"सर, शास्त्र बदललं."

पहिल्यांदा शास्त्र बदललं तेव्हा पेटीच्या तळाला शिंपल्यांचा चुरा आणि त्याखाली भोकांची जाळी होती. घाण खाली ओढली जाते, पाणी स्वच्छ राहतं. दोन वर्षं ते झकास चाललं होतं. परेरानं कळवलं की आता तिकडे ही पद्धत कुणी वापरत नाही. आता बाजूला एक डबा ठेवायचा, त्यात प्लॅस्टिकचे काटेरी गोळे भरायचे आणि पाणी त्यावरून ठिबकवायचं. गोळे तर मिळेनात. मग डॉक्टरांनी शक्कल काढली, औषधाच्या बाटल्यांची झाकणं. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगू लागले, "कॅल्शियमची बाटली संपली की झाकण आणून द्या." लोकांना वाटलं सरकारी योजना आहे. झाकणाला काय मिळणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण यादीतून नाव सुटू नये म्हणून एकानं अर्धं पोतं आणून टाकलं. त्यात बूटपॉलिशच्या डब्यांचीही झाकणं होती.

दीड वर्षानं पुन्हा शास्त्र बदललं. झाकणं बाद. ती सगळी प्राथमिक शाळेत पहिलीच्या मुलांना मोजायला दिली. आता तिकडे जिवंत दगड आले होते.

"जिवंत म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे समुद्रातला दगड. त्याच्या भोकाभोकांत जीव असतो. तोच पाणी साफ ठेवतो."

ओल्या गोणपाटात गुंडाळलेले ते दगड कांद्याच्या ट्रकमधून आले. डॉक्टर स्टुलावर बसून तासन्‌तास दगडाकडे बघत आणि त्यातून केसाएवढा किडा बाहेर आला की मला हाक मारत. मला तो कधीच दिसला नाही, पण मी "वा" म्हणत असे. बैल दाखवायला आलेल्या एका म्हाताऱ्यानं दाराशी उभं राहून ते सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आमच्याकडं दगडाचा देव करत्यात. तुमी दगडाचं जनावर केलं, डाक्टर. लई झालं." डॉक्टर इतके हसले की त्यांना स्टुलावरून उठावं लागलं.

मग निळी ट्यूब. दगडावर आता पोवळी आली होती, मऊ, बोटांसारखी हलणारी, आणि त्यांना म्हणे निळा उजेड लागतो. संध्याकाळी डॉक्टरांची खिडकी निळीभोर दिसू लागली. ते दिवस मार्चचे. बौद्धवाड्यातली चार माणसं दार वाजवून आत आली आणि कौतुकानं म्हणाली, "सायेब, जयंतीची तयारी यंदा लवकर काढली?" डॉक्टर त्यांच्यातलेच. नाही म्हणणं जिवावर आलं. "हो, म्हटलं आधीपासून असू द्यावी," असं म्हणून त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. आमच्या घरात मात्र त्या उजेडानं भिंत निळी होई. आमची ही म्हणे, "साळवे भाऊजींना सांगा, कढईतली भाजी शिजली का करपली ते कळत नाही."

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. प्रत्येक नव्या शास्त्राआधी मासे ठीक असत आणि नंतरही ठीक असत. एकदा मी म्हटलंसुद्धा, "डॉक्टर, चांगलं चाललंय ते मोडता कशाला?"

ते एकदम गंभीर झाले. "नवं निघालंय हे आपल्याला कळलं सर, आणि आपण केलं नाही, असं नको व्हायला."

मला ते जरा जास्तच वाटलं. माशांसाठी एवढं?

शेवटचं शास्त्र चुन्याचं. पोवळ्यांना कॅल्शियम हवं, म्हणून चुन्याची निवळी थेंबाथेंबानं पाण्यात सोडायची. चुना गावात पानाच्या टपरीवर होताच. थेंबांसाठी डॉक्टरांनी दवाखान्यातून सलाईनचा स्टॅंड आणला, त्याला निवळीचा कॅन टांगला आणि सलाईनची नळी पेटीत सोडली. टप, टप, टप. आता खोली हुबेहूब इस्पितळासारखी दिसू लागली. येणारा प्रत्येक जण आवाज खाली करून विचारी, "मासं आजारी हाय का?"

एका शनिवारी डॉक्टरांना नेवाशाला मीटिंग होती आणि चाचण्यांमुळं मला पूर्ण दिवस शाळा. सकाळी किल्ली देताना ते मला म्हणाले, "सर, जेवायच्या सुट्टीत येऊन नळीचं चाक बंद करा. दुपारनंतर निवळी नको. बाकी काही नाही."

सुट्टीत मी आलो. पुढच्या तासाला चाचणी होती, घाईत होतो. नळीवरचं छोटं चाक अंगठ्यानं ढकललं. वरच्या फुग्यात थेंब पडत होते ते दिसेनासे झाले. बंद झालं, असं समजून मी कुलूप लावलं आणि गेलो.

थेंब दिसत नव्हते, कारण मी चाक उलटं ढकललं होतं आणि आता धार लागली होती.

पावणेपाचला मी सहज डोकावायला गेलो. पेटीत पाणी नव्हतं, दूध होतं. पांढरंफेक. मासे वर येऊन तोंडं उघडत होते, मिटत होते. मी चाक बंद केलं. मग काय करावं ते सुचेना. धावत दवाखान्यात गेलो. तिथला ड्रेसर भिकाजी डॉक्टरांचा उजवा हात, पण तो कुणाच्या तरी गाईला बघायला गेलेला. तिथून एसटीडी बूथवर गेलो. नेवाशाचा फोन लागेना. चार वेळा लावला. परत आलो तेव्हा दोन्ही जोकर मासे आडवे झाले होते. बाकीचे दोन दिसतच नव्हते. मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो.

सहाच्या सुमारास डॉक्टरांची फटफटी वाजली. ते आत आले, त्यांनी पेटीकडे पाहिलं. मग खोलीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. दारातलं गोणपाट उचललं आणि पसारा झाकावा तसं कोपऱ्यातल्या सामानावर टाकलं. मग माझ्याकडे वळले.

मी सगळं सांगितलं. चाक, चाचणी, फोन. शेवटी विचारलं, "डॉक्टर, मी आणखी काही करायला हवं होतं का? काही करता आलं असतं?"

"नाही सर," ते म्हणाले. "एकदा चुना गेला की संपलं. मी इथे असतो तरी काही करता आलं नसतं. तुम्ही घरी जा, जेवा."

इतकं सरळ आणि इतकं शांतपणे म्हणाले की मी खरोखर घरी गेलो आणि जेवलो.

सोमवारी बाजारतळाजवळ भिकाजी भेटला. त्याला सगळं कळलं होतं. तो हळहळला आणि बोलून गेला, "काय सर, चार कॅन ताजं पानी हुतं की कोपऱ्यात. आदल्याच दिशी ट्रकवाल्यानं आनलेलं. बादलीत वतून मासं त्यात सोडलं असतं, तर..."

गोणपाटाखाली काय होतं ते मला तेव्हा कळलं.

"पण डॉक्टर तर म्हणाले काहीच करता आलं नसतं," मी म्हटलं.

"ते त्येच म्हनत्यात," भिकाजी म्हणाला. "समद्यास्नी. म्हस मरू द्या, बैल मरू द्या. मालकानं दोन दिस उशीर केलेला असतो, म्या सोता बगतो. मालक रडत इचारतो, डाक्टर, आदी आनलं असतं तर? सायेब म्हनत्यात, न्हाई रं बाबा, तरी बी गेलं असतं."

"का पण?"

भिकाजीनं इकडेतिकडे पाहिलं. "बाईसायबांचं तुमाला ठावं न्हाई? म्या तवा त्यांच्याच संगं हुतो, पयल्या गावाला. ताप येत हुता. सायेबांनी घरीच औषिद दिलं, म्हनलं उतरंल. मंग पुन्याला न्हेलं. तिथला एक पोरसवदा डाक्टर बोलला, आता नवं औषिद निघालंय यावर, आट दिस आदी आनलं असतं तर वाचल्या असत्या. त्येचं बी काय चुकलं म्हना. इचारलं, त्येनं सांगितलं. पर त्या आट दिसांनी सायेबाला लई खाल्लं, सर. वर्सभर मानूस मानसात नव्हता. मंग त्या परेरा सायबानं येऊन ते दोन मासं दिलं."

संध्याकाळी मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पेटी रिकामी केली होती. काचेवर चुन्याचा पांढरा थर बसला होता आणि ते ओल्या फडक्यानं तो घासत होते. कोपरा मोकळा होता. कॅन कुठेतरी नेऊन ठेवले असावेत.

"डॉक्टर," मी म्हटलं, "त्या कॅनचं मला कळलं."

त्यांचा हात थांबला नाही. "भिकाजी बोलला वाटतं."

"हो."

"त्याला काय कळतं? असल्या पाण्यातून काढलेला मासा धक्क्यानंच जातो, सर. शंभरातला एखादा जगतो."

"खरं?"

"खरं."

ते खोटं बोलत होते आणि आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. मी बादलीतलं दुसरं फडकं उचललं आणि पलीकडची काच घासायला घेतली. चुना निघता निघत नव्हता. शेजारी राहून सहा वर्षं झाली होती. त्यांच्या पाण्याचा आकडा मला तोंडपाठ होता, पोवळ्यांचा आहार माहीत होता.

"वहिनींचं नाव काय होतं, डॉक्टर?" मी विचारलं.

त्यांनी फडकं बादलीत टाकलं. ओला हात लेंग्याला पुसला आणि स्टुलावर बसले.

"शालिनी. पण ते कागदावर. घरात शालन." मग आपणहून म्हणाले, "माहेर काष्टीचं. फार मोठ्यानं हसायची हो. बाजारात हरवली तर शोधावी लागायची नाही. मी म्हणायचो, अगं हळू, साहेबाची बायको आहेस. तर आणखी मोठ्यानं. अशी सुरू व्हायची, आधी नुसता श्वास आत घ्यायची, आणि मग..."

त्यांनी श्वास आत घेतला आणि ते हसू करून दाखवलं. पहिल्यांदा नीट जमलं नाही. मान हलवली, पुन्हा श्वास घेतला आणि पुन्हा हसले, खणखणीत, वर चढत जाणारं, बाईमाणसाचं हसू. रिकाम्या पेटीत ते घुमलं.

पलीकडून आमची ही पदराला हात पुसत दारात आली आणि आत वाकून बघू लागली.

"कोण पाहुण्या आल्यात भाऊजींकडे?" तिनं विचारलं.