राजश्री राझाफिमांड्री यांनीं क्षमा मागत मागत तख्त घेतलें त्याची हकीकत

पूर्वजांचे चरणीं मस्तक ठेवोन, लेखणीस आवर आणि वाचणारांस सबुरी मागोन आरंभ केला ऐसा जे. शके एकोणीसशें तीस, सर्वधारीनाम संवत्सर. दक्षिणसमुद्रीं एक थोर बेट, तेथील माती तांबडी, बैलांस वशिंड मोठें, आणि प्रजा त्रिकाळ भात खाणार. राज्याचें नांव लिहिण्याची आज्ञा नाहीं, सबब लिहिलें नाहीं. त्या राज्यीं एक रिवाज बहुत कडक. सभेंत जो बोलावयास उभा राहील त्यानें आधीं क्षमा मागावी. वडिलांची, कीं त्यांच्यादेखत तोंड उघडलें. धाकट्यांची, कीं त्यांस बसवोन ठेविलें. जे आले नाहींत त्यांची, आणि जे मरोन गेले त्यांची तर सर्वांआधीं. क्षमा चालली असतां मध्यें कोणी बोलूं नये, उठोन जाऊं नये, गेल्यास पूर्वज रुष्ट होतात. आणि क्षमा पुरी जाहली म्हणजे ऐकणारांनीं 'तुमचा कांहीं दोष नाहीं' ऐसें मोठ्यानें म्हणावें, मग मुद्दा.

त्या राज्यीं राजश्री राझाफिमांड्री म्हणोन गृहस्थ, धंदा लग्नांत वरपक्षाकडून बोलण्याचा. वधूपक्षाचा वक्ता समोर बसोन चुका काढी, आणि दर चुकीस एक कोंबडें दंड. बाकी वक्त्यांचीं खुराडीं ओस पडलीं, यांचें एक पीस गेलें नाहीं. ऐसी कीर्ति पाहोन गांवकरी म्हणाले, "मांड्रीदादा, निवडणुकीस उभे राहा." दादा म्हणाले, "मज राज्यकारभारांतलें कांहीं कळत नाहीं." गांवकरी म्हणाले, "तें कोणास कळतें? तुम्ही बोला." मग उभे राहिले. समोर प्रतिस्पर्धी डाक्टर राबेआरी, परदेशीं सात वर्षें शिकोन आलेले, टाय लावणार. त्यांनीं माईक हातीं घेऊन म्हटलें कीं, "वेळ थोडा आहे, मी थेट मुद्द्यावर येतों, गांवास रस्ता करीन," आणि मग समोर पाहतात तों मैदानांत एक बैल उरला. मांड्रीदादांनीं न्याहारीस क्षमेस आरंभ केला आणि जेवणवेळेपावेतों मेलेल्यांतच होते. म्हाताऱ्या पदरानें डोळे पुसूं लागल्या. मुद्दा निघालाच नाहीं, सबब वचनही कांहीं दिलें गेलें नाहीं, आणि मतें मात्र पेट्या फुटेपर्यंत पडलीं.

मग मंत्री जाहले. आणि पुढें चार राज्यें बदललीं, चारही वेळां नव्या धन्यांनीं जुन्या मंत्र्यांचीं वचनें काढोन त्यांस कोंडलें, आणि यांचें दफ्तर उघडलें तों आंत वचन एकही सांपडेना. मग म्हणाले, राहूं द्या. ऐसे शेतीखातें, मासळीखातें, आणि ज्या राज्यीं आगगाडी एकच त्याचें रेलवेखातें, ऐसी खुर्चीवरून खुर्चीवर स्वारी चालली.

पांचवे वेळीं मात्र सेनापति त्सिवेरी स्वतः रणगाडे घेऊन सकाळींच वाड्यावर आले. राज्याचे धनी आणि बाकी मंत्री मागील दारानें पळाले, एकाचा बूट तर तिथेंच राहिला. मांड्रीदादा खुर्चींत, आणि बाजूस त्यांचें कुटुंब नोरोसोआबाई. बाई म्हणाल्या, "अहो, उठा, हा मनुष्य बंदुक घेऊन आला आहे." दादा म्हणाले, "बंदुक घेऊन आला, पण टोपी काढोन आला. वळण आहे." सेनापतींनीं राजीनाम्याचा कागद पुढें सारिला आणि आकाशवाणीचा माईकही मांडविला, हेतु हा कीं शत्रूची शरणागति तमाम राज्यानें ऐकावी. म्हणाले, "सही करा. नाहीं तर संध्याकाळीं कोठडी." दादा म्हणाले, "सही करतों. आधीं दोन शब्द बोलूं द्यावे." सेनापति म्हणाले, "दोनच ना?" येथें त्यांचें राज्य बुडालें.

दादा उभे राहिले आणि क्षमा मागूं लागले. सेनापतींच्या वडिलांची मागितली, आज्याची मागितली, बाहेर उन्हांत तिष्ठणाऱ्या शिपायांची मागितली, रणगाड्याखालीं आलेल्या केळीची मागितली. बारा वाजले. शिपायांनीं बंदुका भिंतीस टेकल्या आणि टोप्या काढल्या. एक वाजला. सेनापतींच्या कमरेचा मोबाईल वाजला, आईसाहेबांचा होता. आईसाहेब इतक्या मोठ्यानें बोलत कीं माईकनेंही ऐकलें. "मेल्या, मनुष्य क्षमा मागतोय आणि तूं बसला आहेस? गांवांत तोंड दाखवूं कसें मी?" सेनापति उठोन उभे राहिले. हळूच म्हणाले, "आई, मी राज्य घेतोंय." "घे की! पण त्यांचें पुरें ऐकोन घे!"

चार वाजतां क्षमा पुरी जाहली. दादांनीं घाम पुसला आणि रिवाजाच्या उत्तरासाठीं सेनापतींकडे पाहिलें. राज्यभर माणसें कान लावून बसलीं. बाईंनीं खुर्चीची पाठ घट्ट धरिली. सेनापतींनीं कोठडी म्हणोन पाहिलें, तोंडांतून निघेना. आई ऐकत होती, आणि आईच्या मागें सात पिढ्या. शेवटीं मान खालीं घालोन माईकमध्यें म्हणाले, "तुमचा कांहीं दोष नाहीं."

मग काय! बाई तत्क्षणीं म्हणाल्या, "ऐकलें सर्वांनीं? दोष नाहीं, तर राजीनामा कशाचा?" शिपाई एकमेकांकडे पाहोन म्हणाले, "बाई बरोबर बोलल्या." कोणी टाळी वाजविली, आणि मग रस्त्यांत भोंगे वाजले, बैल सजले, आणि शहरोशहरीं ढोल. ज्या बंदुका धरावयास आल्या होत्या त्यांनींच सलामी दिली. सेनापतींनीं कागद फाडिला आणि तख्त ज्याच्या पाठीशीं पूर्वज त्याचें, ऐसें म्हणोन मांड्रीदादांस त्यावर बसविलें. आईसाहेबांनीं तांदूळ धाडिले.

सांप्रत दादा राज्याचे धनी आहेत. मागील महिन्यांत डाक्टर राबेआरी यांनीं सभेंत उठोन पुसलें कीं, "महाराज, बारा वर्षें जाहलीं, आमचे गांवचा रस्ता कोठें आहे?" महाराज आस्तेकदम उभे राहिले, हात जोडिले, आणि प्रथम रस्त्याखालीं जे यावयाचे होते त्या दगडांची क्षमा मागितली. तिसरे प्रहरीं कुल सभा उठोन उभी राहिली, डाक्टरही राहिले, आणि एकस्वरें म्हणाली जें म्हणावयाचें तें.

तात्पर्य इतकेंच कीं, रस्ता होणें तो होईल. दोष कोणाचा नाहीं, हें मात्र भर सभेंत सिद्ध जाहलें. लेखनसीमा.