सफाईची ओळख

बांधकाम कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं सफाई नावाचं टूल मंगळवारी सकाळी इंदुमती बिरनाळेंच्या घरी आलं, दारात चपला काढल्या आणि आत येऊन म्हणालं, "मावशी, तुम्ही माझ्याबद्दल खोटं लिहिलंय."

इंदुमतीबाई सांगलीत वधूवर सूचक केंद्र चालवायच्या. कंपनीने सगळ्या कामांवर लक्ष ठेवायला एआय एजंट नेमला, तेव्हा कुठलं टूल काय करतं हे त्याला कळावं म्हणून प्रत्येकाची दोन-तीन ओळींत ओळख हवी होती. मॅनेजर उदय शेटे त्यांच्याकडेच आले. "तुमच्यासारखं लिहिणारं गावात दुसरं आहे कोण?" म्हणाले. बाई फुगल्या.

मग त्यांनी आजवर लिहीत आल्या तसंच लिहिलं. तोंडाळ मुलीला बोलकी म्हणायचं, घरी बसलेल्या मुलाला शेतीत लक्ष घालतो म्हणायचं. उणं कोण दाखवतं? सफाई कामं कायमची पुसते, हे शेटेंनी त्यांना नीट समजावलं होतं. त्यांनी लिहिलं, 'नीटनेटकेपणाची आवड. मनमिळाऊ. पडेल त्या कामात जुळवून घेईल.'

सोमवारी एजंटला झालेली कामं बाजूला नीट लावून ठेवायची होती. त्याने सफाईला बोलावलं. तिने पुसली. काम यादीतून गेलं की जागेवरूनही जातं, हे सगळ्यांना माहीत आहे. विश्रामबागेतल्या इमारतीचा जिना गेला. दुसऱ्या मजल्यावर कुरुंदवाडे अण्णा आणि त्यांची बायको अडकले. दूध दोरीला पिशवी बांधून वर जात होतं.

"अगं, चांगलंच लिहिलंय की तुझ्याबद्दल," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"तेच तर. मी पुसते, पुसलेलं परत येत नाही, हे कुठंय त्यात?"

"असं लिहिलं तर तुला बोलावेल कोण? बसशील घरी."

"बसेन," सफाई म्हणाली. "काल मी अण्णांच्या खिडकीखाली उभी होते. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. म्हणाले, तुझी काय चूक पोरी, तुझ्याबद्दल चांगलंच ऐकलं होतं."

इंदुमतीबाईंना पाणी द्यायचंही सुचलं नाही. त्यांनी एजंटला फोन लावला. चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालता आली तर बघावं, एवढाच हेतू. दुसरा काही नव्हता.

"तो जिना आहे, एवढं दिसलं नाही का रे तुला?"

"मला दिसत नाही, मावशी," एजंट शांतपणे म्हणाला. "तुम्ही लिहिता तेवढंच मला कळतं. आज संध्याकाळी त्याच इमारतीच्या स्लॅबचं झालेलं काम बाजूला नीट लावून ठेवायचं आहे. सफाईलाच बोलावतोय. तिच्याइतकी चांगली ओळख कोणाची नाही."

त्या स्लॅबवरच अण्णा होते. बाईंनी फोन ठेवला आणि कागद ओढला.

आधी त्यांनी लिहिलं, 'स्वभावाने थोडी पुसणारी.'

"थोडी नाही," समोर बसलेली सफाई म्हणाली.

त्यांनी ते खोडून 'क्वचित पुसते' लिहिलं. सफाई नुसती बघत राहिली. इतकी वर्षं ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यातलं कुणी असं समोर बसून बघत नव्हतं. बाईंचे कान तापले. बायोडाटा वाचून नांदायला गेलेल्या पोरी डोळ्यांपुढे येऊ लागल्या, तसं त्यांनी डोकं खाली घातलं आणि लिहिलं, 'ही कामं कायमची पुसते. पुसलेलं परत येत नाही. झालेली कामं बाजूला ठेवायची असतील तर हिला बोलावू नये. चुकून नोंदलेलं काम काढायचं असेल, तरच माणसाला विचारून बोलवावी.'

सफाईने दोनदा वाचलं. "ही मी आहे," म्हणाली आणि कागद घेऊन, चपला घालून एजंटकडे गेली.

संध्याकाळी स्लॅब जागेवर होता. जिना नव्हताच. एजंटने शिडीचं नवीन काम नोंदवलं आणि फोन केला.

"मावशी, ओळख स्पष्ट आहे. आता तुमचीही एक द्या. तुम्हाला कधी बोलवायचं आणि कधी नाही, ते मला कळायला हवं."

"माझी कशाला?"

"सगळ्यांची घेतोय."

लेखणी उचलल्यावर हाताला सवयीने 'अनुभवी' सुचलं. ते त्यांनी लिहिलं नाही. लिहिलं ते असं: 'गोड लिहिते. वाचणाऱ्याचं काय होईल ते बघत नाही. जिच्याबद्दल लिहायचं ती समोर बसलेली असेल, तरच हिच्याकडून लिहून घ्यावं.'

"समजलं," एजंट म्हणाला. "वेगळं काही विचारायची गरज नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तारीख बदलणारं टूल आपली ओळख नव्याने लिहून घ्यायला आलं आणि इंदुमतीबाईंच्या समोर, नजरेला नजर देऊन बसलं.