नाना आणि लगद्याची टाकी

टाकी घ्यायची तर आमचे नाना आधी तिच्यात मांडी घालून बसत. भर बाजारात, धोतर सावरून, टोपीसकट. दुकानदार काही बोलला की म्हणत, "पहिले बैठू दे, मग भाव कर!"

नाना माझे शेजारी, आणि कचेरीतही शेजारच्याच टेबलावर. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, ते दिवस. कारभार हिंदीत गेला, जुने मराठी छापील फॉर्म रद्दीत निघाले, ते नानांनी पोतीच्या पोती घरी आणले. सिमेंट परमिटशिवाय मिळेना, म्हणून यांनी ठरवलं की मोठ्या टाकीत कागद भिजवून त्याचा लगदा करायचा, त्यात चिमूटभर सिमेंट घालायचं आणि परसात खोली बांधायची. कशाला? तर कुमुदच्या पहिल्या बाळंतपणाला. कुमुद ही त्यांची एकुलती एक लेक, रावेरला दिलेली. तिला सातव्या महिन्यात आणायचं होतं.

"अहो, माजघरामागची खोली रिकामीच आहे की!" मी म्हटलं.

"ती नाही," एवढंच म्हणून नाना टाकीवर घसरले. "टाकीला कोपरा नको, समजलं का? कोपऱ्यात कागद लपून बसतो. मग भिंतीत गाठी!"

रंगाऱ्याची तांब्याची नांद त्यांनी बसून पाहिली आणि निळं धोतर घेऊन घरी आले. निंबोला गावातल्या गुळाच्या कढईतून त्यांना मुंग्यांनी उठवलं. गोठ्यातली दगडी नांद पसंत पडत होती, पण म्हशीला नाना पसंत पडेनात. दोन महिने असे गेले. शेवटी शाहपूरच्या एका केळीवाल्याची गोल लोखंडी टाकी बैलगाडीतून आली.

आमच्याकडं बायका कागदाच्या टोपल्या करताना लगद्यात मेथी वाटून घालतात. नानांनी भिंतीच्या लगद्यातही घातली, आणि सढळ हातानं. सिमेंट तर केव्हाच संपलं होतं. भिंत कमरेपर्यंत आली आणि एका दुपारी गल्लीतल्या दोन गाईंनी ती खाऊन टाकली. सगळी गल्ली हसली. मीही हसलो, खोटं कशाला सांगू!

नानांनी रावेरला कळवलं, 'खोली झाली नाही, कुमुदला तिकडेच ठेवा.' बाळंतपण सासरी झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. पण कुमुदनं बापाशी बोलणं टाकलं. मला पत्र आलं: 'काका, पहिलटकरणीला माहेर नको का हो? बाबांना माझ्याहून टाकी मोठी.'

पत्र घेऊन मी तरातरा गेलो. नाना परसात टाकीत बसले होते. मी पत्र वाचून दाखवलं आणि वर म्हटलं, "घरात खोली असून पोरीला परकं केलंत! शोभतं का हे?"

नानांनी पत्र माझ्या हातून घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, "त्याच खोलीत तिची आई गेली. हिला जन्म देताना."

मी या गल्लीत आलो तेव्हा कुमुद पाच वर्षांची होती. "पण आई तापानं गेली, असं म्हणते ना ती?"

"मीच सांगितलं तसं."

"मग आता तरी खरं लिहा, नाना. राग जाईल तिचा."

"राग जाईल. आणि आपल्यापायी आई गेली, हे आयुष्यभर राहील. नुकतीच बाळंत झालीय माझी पोर. त्यापेक्षा बाप येडा आहे म्हणू दे. येडा बाप चालतो."

मला रडू आवरेना. नाना उठले, धोतर झटकलं, टाकीचा काठ चाचपला. "ही जरा उथळच निघाली. दुसऱ्या बाळंतपणाला तरी येईल कुमुद. उद्या नेपानगरच्या कागद गिरणीत चल, एखादी टाकी बैठून बघू."

घरी येऊन मी कुमुदला उत्तर लिहिलं: 'पोरी, तुझा बाप येडाच आहे. रागावू नकोस त्याच्यावर.'